हगिम आले, पण मिनुस नको: इस्रायलमध्ये नवीन आलेल्यांसाठी सणांच्या खर्चाचं गणित

इस्रायलमध्ये नवीन आलात की ऑगस्टच्या शेवटी एक वाक्य सारखं कानावर पडायला लागतं, आहरेय हाहगिम. म्हणजे सणांनंतर. प्लंबर सणांनंतर येणार, बँकेतली पकीदा (कारकून बाई) सणांनंतर फोन करणार, घरमालक गळका नळ सणांनंतर बघणार. सगळं सणांनंतर होतं म्हणतात, पण सणांनंतर न चुकता एकच गोष्ट येते, क्रेडिट कार्डचं बिल.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. मी ठाण्याहून आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच पेसाहला (वसंतातला, आठवडाभर बिनखमिराचं खायचा सण) मी जोशात नवीन भांड्यांचा अख्खा सेट, कुकर, दोन घडीची टेबलं, वीस माणसांच्या प्लेटा असं सगळं एका दुकानातून उचललं, आणि काउंटरवरच्या पोरीने किती तश्लुमिम विचारलं तर मी बारा म्हणून मोकळी झाले, कारण महिन्याला आकडा छोटासा दिसत होता ना. तश्लुमिम म्हणजे हप्ते, इथे टूथब्रशसुद्धा हप्त्यावर देतील. तर झालं काय, सप्टेंबरमध्ये रोश हाशाना, म्हणजे आपला नव्याचा सण (ज्यू नवं वर्ष), त्याच्या तोंडावर कार्डातून पेसाहच्या कुकरचा पाचवा हप्ता गेला, त्याच आठवड्यात पोरांची शाळेची पुस्तकं, आणि वर सणाचं मटण-मासळी. खातं मिनुसमध्ये. मिनुस म्हणजे खात्यात पैसे शून्याच्या खाली जाणं, बँक ठराविक मर्यादेपर्यंत जाऊ देते, त्या मर्यादेला मिस्गेरेत म्हणतात, आणि लोक मिनुसबद्दल पावसापाण्यासारखं बोलतात, जसं काही ते असणारच. त्यावर व्याज लागतं हो. आणि मग बँकेतूनच फोन येतो की मिनुस भरायला आम्ही तुम्हाला कर्ज देतो.

तेव्हापासून घरात एकच नियम आहे: एका सणाचे हप्ते दुसऱ्या सणापर्यंत पोचता कामा नयेत. बाकी खाली लिहिलंय ते सगळं या एका नियमासाठी.

आधी कॅलेंडर घ्या, दुकानाची लिस्ट नंतर

सण हिब्रू महिन्यांनी येतात आणि पगार इंग्रजी महिन्यांनी, इथेच अर्धी गडबड होते. पगार बहुतेक ठिकाणी पुढच्या महिन्याच्या 9-10 तारखेपर्यंत येतो. आता बघा, 2026 ला रोश हाशाना 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो, म्हणजे ऑगस्टचा पगार सणाच्या एकदोन दिवस आधी हातात. चांगलं वाटतं, पण त्यातच 1 सप्टेंबरला शाळा उघडलेली असते, त्याचा खर्च आधीच झालेला. 2027 ला उलटं, रोश हाशाना 1 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सप्टेंबरचा पगार यायच्या आत नव्याचा सण होऊन जाणार आणि पगार आला की लगेच योम किप्पूर (उपासाचा दिवस), मागोमाग सुक्कोत (मांडवांचा सण). मधलं हिब्रू वर्ष 5787 हे तेरा महिन्यांचं आहे, त्यामुळे पेसाह पण उशिरा, 21 एप्रिल 2027 च्या संध्याकाळी. दरवर्षी असं एकदा बसून पगाराच्या तारखेशेजारी सणाची तारीख लिहायची, पाच मिनिटांचं काम आहे.

कार्डचे पैसे इथे महिन्यातून एकदाच कापतात, बऱ्याचदा 2, 10 किंवा 15 तारखेला. तारीख बदलून मागता येते. पगार 9 ला आणि कार्ड 2 ला असेल तर आठवडाभर तुम्ही फुकटचे मिनुसमध्ये. बदलून घ्या.

वर्षाचा एक आकडा काढा

माझ्या घरचं सांगते, चार माणसं आणि सणाला येणारेजाणारे. तिश्रे महिन्याचे (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराचा हिब्रू महिना) सगळे सण मिळून साधारण 2600 शेकेल, पेसाह 2500, आणि हनुका, पुरीम, शावुओत हे बाकीचे सण मिळून 900. झाले 6000. भागिले बारा, महिन्याला 500. हे रोजच्या जेवणाच्या वरचे पैसे, कारण सण नसता तरी आपण जेवलोच असतो. तुमचा आकडा वेगळा येईल, पहिल्या वर्षी तर अंदाजच असतो, पण अंदाज असला तरी लिहा. हे 500 पगार आल्या दिवशी वेगळ्या खात्यात किंवा सरळ डब्यात. आमच्याकडे खरंच डबा आहे, जुना बिस्किटाचा, आईने ठाण्याहून चकल्या भरून पाठवलेला.

नवीन आलेल्यांना सरकारकडून साल क्लिता मिळतो, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांसाठी बस्तान बसवायला दिलेले पैसे. तो पगार समजू नका, काही महिन्यांनी बंद होतो, आणि नेमका दुसऱ्या सणाच्या वेळी बंद झालेला असतो. नोकरीला एक वर्ष पूर्ण झालं की दमेय हावराआ म्हणून वर्षातून एकदा रक्कम मिळते, उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबरच्या मधे कधीतरी. नाव आराम करायच्या पैशांचं आहे पण आमच्याकडे ती थेट तिश्रेच्या सणांना जाते. आणि कामावरून रोश हाशाना-पेसाहला शाय लाहाग, म्हणजे सणाची भेट, मिळतो, बहुतेकदा व्हाउचर. माझी कळकळीची विनंती, त्या व्हाउचरमधून इस्त्री किंवा मिक्सर आणू नका, किराणा आणता येत असेल तर किराणाच आणा.

धर्म किती मागतो ते विचारा, शेजारीण किती करते ते नको

हा मुद्दा जरा सविस्तर लिहिते कारण सगळा पैसा इथेच जातो. 

इथे कोणी ना कोणी तुम्हाला ऐकवणार की सणाचा खर्च देव परत करतो. ते खोटं नाही, तालमूदच्या (ज्यूंचा जुना धर्मग्रंथ) बेत्सा भागात आहे की माणसाचं वर्षाचं उत्पन्न रोश हाशाना ते योम किप्पूरमध्ये ठरतं, फक्त शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सणांचा खर्च त्या हिशोबाच्या बाहेर. पण त्याच तालमूदमध्ये रब्बी (धर्मगुरू) अकिवांचं म्हणणं पण आहे की शब्बाथ साध्या दिवसासारखा कर पण लोकांपुढे हात पसरू नकोस. हे दुसरं वाक्य कोणी ऐकवत नाही, कारण ते ऐकवून कोणाचं दुकान चालत नाही.

पुरीम घ्या. मिश्लोआह मानोत म्हणजे दोन खायच्या वस्तू एका माणसाला. दोन वस्तू, एक माणूस, संपलं. त्याशिवाय दोन गरिबांना काहीतरी देणं. आता लोक काय करतात, सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या वीस-वीस टोपल्या, आत वाइन, चॉकलेट, आणि मग ती टोपली जिच्याकडून आली तिला परत तेवढीच द्यायची. रंबाम या मोठ्या धर्मपंडितांनी तर बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय की जेवणावर आणि टोपल्यांवर वाढवण्यापेक्षा गरिबांना देण्यात वाढवलेलं बरं. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही सात बायकांनी चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली, एकीने एकीलाच द्यायचं. मी पुरणपोळी आणि करंजी देते, पुरीम म्हणजे आपल्या बेने इस्राएल घरात होळीचा सणच, पुरण शिजणारच असतं, दोन पोळ्या जास्त लाटायच्या. मोरोक्कोची शेजारीण पहिल्या वर्षी पोळी उलटीपालटी करून बघत होती, आता स्वतःहून विचारते चिठ्ठीत मी कोणाला आले.

सुक्कोतचा एत्रोग (विधीला लागणारं लिंबाच्या जातीचं फळ) पण तसाच. बाजारात लोक भिंग घेऊन एत्रोग बघताना दिसतील, डाग नको, आकार सुबक हवा, आणि जेवढा सुबक तेवढी किंमत वर. तुम्हाला फक्त कोशेर, म्हणजे धर्माला चालणारा, पाहिजे, सुंदर नाही. आणि एत्रोग-लुलावचा (लुलाव म्हणजे खजुराचा कोवळा झाप) एक सेट दोनचार घरांत चालतो. तालमूदमध्ये गोष्ट आहे, रब्बान गामलिएल, रब्बी यहोशुआ, रब्बी एलाझार बेन अझर्या आणि रब्बी अकिवा जहाजातून चालले होते, आणि लुलाव एकट्या रब्बान गामलिएलकडे, तोही हजार झुझ (जुनी चांदीची नाणी) देऊन घेतलेला. त्यांनी आपला विधी केला आणि तो पुढच्याला भेट म्हणून दिला, त्याने पुढच्याला, शेवटी परत त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी सेट स्वतःच्या मालकीचा लागतो म्हणून परत करायच्या अटीवर भेट द्यायची, हे चालतं. हजार झुझ दिले तो भाग तेवढा सोडून द्या.

नव्याचा सण ते सिम्हात तोरा (सुक्कोतच्या शेवटाचा सण)

रोश हाशानाची थाळी खरं तर स्वस्त आहे. चवळी, बीट, दुधी, खजूर, डाळिंब, लीकची पात, सफरचंद-मध. महाग पडतं ते मटण, मासळी आणि पाहुणे. मटण-चिकन दीड महिना आधीपासून ऑफर दिसेल तसं फ्रीझरमध्ये टाकायचं. माशाचं डोकं पाहिजे असतं थाळीत, मासळीवाल्याकडे फक्त डोकं मागा, अख्खा मासा घ्यायची गरज नाही, मी तर ते डोकं दुसऱ्या दिवशी कालवणात घालते.

चिकाचा हलवा मात्र करायचाच, त्याच्याशिवाय नव्याचा सण वाटत नाही. आजी गहू भिजवून, वाटून, चीक काढून करायची, त्यात नारळाचं दूध आणि साखर, आणि मग जाड बुडाच्या टोपात दोन-अडीच तास ढवळणं. नारळाचं दूध का, तर जेवणात मटण असतं आणि वर गाईचं दूध चालत नाही. इथे ओला नारळ महाग आणि बरेचदा आतून नासका निघतो, दोन वर्षं पैसे पाण्यात घालून मी आता डब्यातलं नारळाचं दूध घेते. आम्ही तीन घरं मिळून एकाच मोठ्या टोपात करतो, आळीपाळीने ढवळतो, मिश्रण टोपाची कड सोडायला लागलं की थाळ्यात ओतायचं, वरून बदाम-पिस्त्याचे काप, गार झाल्यावर सुरी थोडी ओली करून चौकोन पाडायचे. खर्च तीन ठिकाणी वाटला जातो, गॅस एकाचाच, आणि बेकरीतून सणाला नेण्यासाठी केक घ्यायची गरज राहत नाही, कारण पाहुणे म्हणून जाताना हलव्याचा डबाच घेऊन जायचा.

पाहुण्यांचं. इथे जेवायला बोलावलं की लोक विचारतात काय आणू, आणि आपण ठाण्याच्या सवयीने म्हणतो अहो काही नको, तुम्ही फक्त या. हे बंद करा. सरळ सांगा, तुम्ही सॅलड आणा, तुम्ही ड्रिंक आणा, काकू तुम्ही भात. कोणालाही वाईट वाटत नाही, उलट ज्याला काही सांगितलं नाही तो बिचारा महागडी वाइन घेऊन येतो आणि मग पुढच्या सणाला तुम्हाला त्याच्याकडे तशीच न्यावी लागते.

दारफळणीच्या सणाला म्हणजे योम किप्पूरला खर्चच नाही, आदलं जेवण आणि उपास सोडायचं जेवण एवढंच.

सुक्का, म्हणजे सुक्कोतचा मांडव, पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. सिनेगॉगच्या सुक्क्यात जेवा, शेजाऱ्याच्या सुक्क्यात जेवा, आमंत्रणं येतातच. सण संपल्यावर दुसऱ्या दिवसापासून सुक्क्याचे पाइप, कापड, वरच्या छपराच्या बांबूच्या चटया यांचे भाव पडतात, तेव्हा पुढच्या वर्षाचं घ्यायचं. चटई कोशेर शिक्क्याची बघून घ्या, गुंडाळून कोरड्या जागी ठेवली तर वर्षानुवर्षं जाते. काही शहरांत नगरपालिका झावळ्या फुकट वाटते, चौकशी करा. आणि सणाच्या मधल्या दिवसांत पोरं घरी असतात, त्यांना फिरवणं हाच सुक्कोतचा खरा खर्च, पार्किंग, आइस्क्रीम, तिकिटं. काही म्युझियम त्या दिवसांत फुकट असतात पण आधी बुकिंग लागतं. दोन दिवस बाहेर, बाकीचे दिवस समुद्र आणि घरचा डबा, असं पोरांना आधीच सांगून ठेवलं की रडारड कमी होते.

हनुका पटकन आटोपते: मेणबत्त्या आठ रात्रींच्या मिळून 44 लागतात, एका खोक्यात तेवढ्याच असतात, एक खोकं पुरे. बेकरीतले क्रीमवाले सुफगानियोत (डोनट) एकदाच आणा, हौस म्हणून. बाकीच्या दिवशी घरी गुलगुले. तेलात तळलेलं पाहिजे, एवढाच मुद्दा आहे ना.

पेसाह, सगळ्यात मोठं भगदाड

पेसाहचे नियम तीस दिवस आधीपासून शिकायला लागावं अशी जुनी रीत आहे, म्हणजे पुरीम झाला की. त्याच दिवशी हिशोब पण सुरू करा. पुरीमनंतर पास्ता, मैदा, बिस्किटं, ब्रेड नवीन आणायचं नाही, कपाटात आणि फ्रीझरमध्ये जे आहे ते संपवायचं. त्या महिन्यात आमच्याकडे जेवणाची जी कॉम्बिनेशनं होतात ती लिहिण्यासारखी नाहीत पण किराण्याचं बिल खाली येतं. तरी उरलेला हमेत्झ (पेसाहला न चालणारं गहू-खमिराचं) फेकू नका, रब्बानूत या रब्बींच्या सरकारी कार्यालयामार्फत तो विकायचा फॉर्म भरता येतो, फुकट आहे, कपाट बंद करून वर कागद चिकटवायचा आणि सण झाला की माल परत तुमचा.

सफाईसाठी दुकानात दहा प्रकारचे स्प्रे मांडलेले असतात. इथली म्हण आहे, धूळ म्हणजे हमेत्झ नव्हे. पडदे धुवायचे तर धुवा, पण पेसाहच्या नावाने नको.

भांडी. जिथे मी बुडाले ते हेच. आजीच्या वेळी पेसाहच्या आधी तांब्याच्या टोपांना कल्हई करून घ्यायचे, नवीन टोप कोणी आणत नव्हतं. इथेही तसंच काहीतरी आहे, सणाआधी वस्त्यांमध्ये मोठाली उकळत्या पाण्याची पातेली लावतात, तिथे स्टीलची भांडी बुडवून कोशेर करून मिळतात, फुकट किंवा किरकोळ पैशात. चोवीस तास न वापरलेली, घासून स्वच्छ केलेली भांडी न्यायची. काचेची भांडी सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीने नुसती नीट धुतली की पेसाहला चालतात, म्हणजे काचेच्या प्लेटांचा वेगळा सेट लागतच नाही. तुमच्या घरची रीत अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंची) असेल, म्हणजे सासर तिकडचं असेल, तर आपल्या रब्बीला विचारा, नाहीतर सासूबाई जेवणार नाहीत.

आणि आपल्याला एक मोठी सवलत आहे जी लोक विसरतात: भात. अश्केनाझी लोक पेसाहला तांदूळ-डाळी खात नाहीत, आपण बेने इस्राएल खातो. तांदूळ थाळ्यात पसरून तीनदा निवडायचा, एकही गव्हाचा दाणा राहता कामा नये. आमच्याकडे हे काम आत्या आणि पोरं करतात, पहिल्यांदा सगळे उत्साहात, तिसऱ्यांदा आत्या एकटीच चष्मा लावून बसलेली असते. एकदा तांदूळ, बटाटे, भाज्या, अंडी, चिकन, फळं हे धरलं की सात दिवस आरामात निघतात. मग पेसाहचे खास केक, खास सिरियल, खास नूडल्स हे सगळं सोडून द्या, महाग असतं आणि चवीला पुठ्ठा. अंडी मात्र आठवडाभर आधीच आणून ठेवा, शेवटच्या दिवसांत दुकानातून गायब होतात.

वाइनचं गणित करून ठेवते. सेदेरला (पेसाहच्या पहिल्या रात्रीचं जेवण) चार पेले, एका पेल्यात कमीत कमी 86 मिली धरतात. माणशी 344 मिली, म्हणजे 750 मिलीच्या एका बाटलीत दोन माणसं. दहा मोठ्या माणसांना पाच बाटल्या. द्राक्षाचा रस पण चालतो. आणि आपलं काळ्या मनुकांचं शरबत तर आहेच, मनुका रात्री भिजत घालून सकाळी हाताने कुस्करून गाळायच्या, भारतात पिढ्यान् पिढ्या किद्दूश (वाइनवर म्हणायची सणाची प्रार्थना) यावरच झालंय. फक्त मनुकांवर पेसाहचा कोशेर शिक्का बघा, आणि पाणी किती घालायचं ते हझानला (सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणारा) विचारा, पातळ केलं तर ते नुसतं सरबत होतं.

तरीही कमी पडलं तर

पडतं कधीकधी, नोकरी सुटते, आजारपण येतं. पेसाहच्या आधी किम्हा देपिस्हा म्हणून गरजूंना धान्य-पैसे वाटायची पद्धत फार जुनी आहे, मिश्नात (तालमूदचा मूळ भाग) तर लिहिलंय की ज्यूंमधल्या अगदी गरिबालाही चार पेल्यांपेक्षा कमी देऊ नये, दानाच्या ताटातून द्यावे लागले तरी. सिनेगॉगच्या गब्बाईशी (तिथला व्यवस्थापक) एकट्याने बोला, तो चारचौघांत काढत नाही. गेमाह म्हणून संस्था असतात, टेबल-खुर्च्या, गरम पाण्याचा समोवर असं वापरायला देतात, सेदेरला मला वीस खुर्च्या कुठून मिळाल्या असत्या नाहीतर. काही गेमाह बिनव्याजी पैसे पण देतात, जामीनदार लागतात. बिनव्याजी असले तरी ते कर्जच, तेव्हा मिनुस वाढवण्यापेक्षा बरं एवढंच समजून घ्या, आणि परत करायची तारीख पुढच्या सणाच्या आधीची ठेवा.

हप्ते अगदीच टळत नसतील, समजा फ्रिजच बिघडला सणाच्या आदल्या आठवड्यात, तर दुकानदाराचे बिनव्याजी तश्लुमिम आणि कार्ड कंपनीचं व्याज लावणारं क्रेडिट हे वेगवेगळं असतं, काउंटरवर विचारून घ्या, लाजू नका, तुमचं हिब्रू मोडकं असेल तर बोटाने दाखवून विचारा. आणि हप्ते पुढच्या सणाच्या आत संपतील एवढेच.

शेवटचं काम सण संपल्या रात्री करायचं, सकाळपर्यंत थांबलात की विसरता. वहीत लिहायचं काय उरलं, काय कमी पडलं. माझ्या वहीत मागच्या पेसाहचं पान असं आहे: मात्झा (पेसाहची बिनखमिराची रोटी) अडीच किलो उरला, पुढच्या वेळी एकच खोकं. द्राक्षाचा रस कमी पडला, पोरं मोठी झाली. प्लेटा गेमाहकडून. जिजूंनी परत वाइन आणली, त्यांना भात सांगायचा.